उन्हाळ्यात उणे चाळीस

सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पुण्याला जाताना तू दिलेला व्होल्ट-ओहम मोजायचा पिवळा मीटर परवा असा कामाला आला, की आधी तुलाच लिहायला बसलो.

महिनाभर गाडीचा चेक लाइट, इंजिनात बिघाड दाखवणारा दिवा, जात नव्हता. इंजिन थंड असलं तरी पंखा भणाणत सुटायचा आणि टेंपरेचरचा काटा तळाला पडून. साखर भरून कुंभार्ली घाटातून चिपळूणला निघालो तर पोटात गोळाच आला. इंजिन तापलं तर कळणार कसं? दर दोन-चार वळणांवर उतरून रेडिएटरच्या पाइपाला हात लावून बघत होतो.

गॅरेजात स्कॅनरवर कोड आला पी-०११८. कूलंट सेन्सर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा, तो बदलला. पलूसपर्यंतही गेलो नाही, लाइट परत. दुसरा सेन्सर टाकला, तरी तेच. तेव्हा कोड नीट वाचला मर्दा. 'सर्किट हाय' एवढंच होतं. सेन्सर मेला असं त्यात कुठेच नव्हतं.

रविवारी शेजाऱ्याचा स्कॅनर मागून आणला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि कूलंटचं तापमान उणे ४०! म्हणजे ईसीयूला, इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, त्या सेन्सरच्या वायरीच्या टोकाला काहीच सापडत नव्हतं. हा सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, गार झाला की चढतो. वायर तुटली तर ईसीयूला वाटतं, बर्फ पडलाय.

काढून ठेवलेला जुना सेन्सर मीटरला लावला. हवेत पावणेदोन हजार ओहमच्या आसपास. चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरला तर बघता बघता दोनशेच्या खाली. चांगला होता की रे बिचारा!

मग कनेक्टर काढून तारेने दोन्ही पिना जोडल्या. वायरिंग धड असतं तर स्कॅनरवरचा आकडा एकदम शंभराच्या वर उडायला हवा होता. हलला नाही. चावी चालू ठेवून सिग्नलची वायर बॉडीशी मोजली, ५ व्होल्ट बरोबर. दोन पिनांमध्ये मोजलं तर काही नाही. म्हणजे अर्थिंगची वायर गेलेली. त्याच अर्थिंगवरचे बाकीचे सेन्सर ठीक होते, म्हणून सामाईक जोडाच्या पुढचाच तुकडा धरला. टेप सोडत गेलो. इंजिनाच्या मागे एका ठिकाणी वायर बोटाला मऊ लागली. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आत तांब्याची हिरवी भुकटी.

आठवतं, २०१९ च्या ऑगस्टात गाडी चार दिवस पुरात उभी होती? आपण दोघांनी गाळ काढला, डिझेलची टाकी धुतली, सीट वाळवली. पाणी या वायरीत शिरून बसलं असेल हे आपल्या मनातही आलं नाही.

कुजलेला तुकडा कापून नवी वायर डाखली, वर हीट श्रिंक, गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवली. चावी फिरवली तर ३६ अंश! कोड पुसून कृष्णेच्या पुलावरून चक्कर मारली, आकडा ८४ वर जाऊन थांबला. पंखा गप्प. दादा शेजारी बसले होते, कर्ज फिटल्याच्या दिवशी हसले होते तसे हसले.

आता उरलेल्या वायरिंगची धास्ती आहे. पावसाआधी सगळी टेप सोडून बघायचीय आणि ते एकट्याचं काम नाही. एखाद्या रविवारी मुक्कामाला ये. मीटरचा काळा प्रोब सैल झालाय, येताना नवी जोडी आण. आई म्हणते, पुरणपोळी करते.

तुझाच दोस्त