देवनारला माणसं पाठवण्याआधी

प्रति,
मा. नगरविकास व गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

धारावीच्या पुनर्विकासातली काही कुटुंबं देवनारच्या डम्पिंग ग्राउंडच्या जमिनीवर हलवण्याचं ठरतं आहे, त्याआधी आमचा अनुभव ऐकावा म्हणून हे पत्र. मानखुर्द-गोवंडी पट्ट्यातल्या एका पुनर्वसन वसाहतीत मी राहते. रेल्वे रुळांच्या कडेची आमची झोपडी पाडली गेली तेव्हा मी शाळेत होते. त्या बदल्यात २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. पक्क्या भिंती, घरात संडास, घरात नळ. आईने दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि शेजारपाजारी साखर वाटली. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून आम्हाला घराची किंमत नाही असं कुणाला वाटू नये. पावसाळ्यात छपरावर प्लास्टिक टाकून रात्र जागणाऱ्याला पक्क्या घराची किंमत चांगलीच ठाऊक असते.

पण झोपडीत असताना आई चार घरची धुणीभांडी करायची आणि चारही घरं चालत जाण्याच्या अंतरावर होती. सकाळचं काम उरकून ती मधल्या वेळेत घरी यायची, आम्हाला गरम भाकरी करून घालायची आणि पुन्हा जायची. इथे आल्यावर तेच काम बस, हार्बर लोकल आणि पुन्हा बस असं झालं. एक दिवस गाडी चुकली, दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद, तिसऱ्या दिवशी पाणी उशिरा आलं. बाई वेळेवर येत नाही म्हणून वर्षभरात दोन कामं सुटली. उरलेल्या दोन घरच्या पगारातून प्रवासखर्च जायचा आणि त्यात सोसायटीचा मेंटेनन्स नव्याने आला. घर फुकट मिळालं, पण घर चालवणं महागलं.

ही एकट्या आमच्या घरची कथा नाही. २००२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई शहरी वाहतूक प्रकल्प सुरू झाला. रूळ आणि रस्ते मोकळे करण्यासाठी लाखभर माणसं हलवायची होती. २००४ मध्ये प्रकल्पग्रस्तांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचा पैसा काही महिने रोखून धरला. तक्रारीचा एक मोठा मुद्दा उत्पन्नाचाच होता. माणसाचं घर हलवताना त्याची रोजीरोटी कुठे आहे याचा हिशेब धरलाच नव्हता. लोकल वेळेवर धावाव्यात म्हणून आम्ही हललो. ते व्हायलाच हवं होतं. पण ज्यांनी जागा दिली त्यांचाच कामाचा रस्ता लांबला, हे मला आजही सलतं.

आता उजेडाबद्दल. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. भर दुपारी ओट्याजवळ दिवा लावल्याशिवाय तांदळातला खडा दिसत नाही. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. तिथल्या ताईंनी डाळीला फोडणी दिली की ठसका आम्हाला लागतो. मधल्या गल्लीत वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, पाइप गळतात, म्हणून खालचे तीन मजले खिडक्या बंदच ठेवतात. सात-आठ मजली इमारती आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. पुनर्वसनाच्या इमारतींना नियमात सवलत मिळाली म्हणून हे अंतर एवढं कमी ठेवता आलं.

त्या सवलतीची किंमत किती, ते मोजलं गेलेलं आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दची पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने केला. तो २०१८ मध्ये समोर आला. पैसा पुनर्वसन करणाऱ्या एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणाच्याच पर्यावरण सुधारणा संस्थेचा होता, म्हणजे हा कुणा विरोधकाचा अहवाल नाही. दाटीवाटीच्या पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण फार जास्त निघालं आणि जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा आहे त्या पीएमजीपीत बरंच कमी. ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांना धोका अधिक. आमच्या जिन्यात मी स्वतः पाच घरी टीबीच्या गोळ्यांची पाकिटं पाहिली आहेत. त्यातलं एक माझ्या धाकट्या भावाचं होतं. तो बरा झाला, पण त्याचं बारावीचं वर्ष गेलं ते गेलंच.

सुरक्षेचा प्रश्न आला की वसाहतीत सीसीटीव्ही बसवण्याची घोषणा होते. कॅमेरे बसवा, माझी हरकत नाही. पण मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, दुपारची पाळी असली की रात्री साडेदहाला स्टेशनवर उतरते. मला भीती वाटते ती बसथांब्यापासून आमच्या गेटपर्यंतच्या पट्ट्यात. एका बाजूला लांबच लांब कुंपणभिंत. ना दुकान, ना टपरी, ना कुणाची खिडकी. रुळाकडेच्या वस्तीत अंधार होता, पण दारोदारी माणसं बसलेली असायची आणि रात्री पोर उशिरा आली तर चार जणी विचारायच्या. इथे तळमजल्याला ओळीने बंद शटर आहेत. दहानंतर बस कमी होतात, शेअर रिक्षावाले दुप्पट मागतात. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचवरून दहा रुपये झालं. मी दहा रुपये आनंदाने देईन, पण त्या वेळेला गाडी तरी यायला हवी. आमच्या मजल्यावरच्या दोन मुलींनी संध्याकाळचा क्लास सोडला तो याच पट्ट्यामुळे. पोलिसात त्याची नोंद होत नाही, कारण गुन्हा घडलेलाच नाही.

महोदय, घर, बस आणि रस्त्यावरचा दिवा ही तीन खाती आमच्या आयुष्यात वेगळी नसतात. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे, कारण नगरविकास आणि गृहनिर्माण दोन्ही आपल्याकडे आहेत.

मे २०२५ मध्ये मंजूर झालेलं राज्याचं गृहनिर्माण धोरण २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट सांगतं. घरापासून कामापर्यंत चालत जाता यावं असाही विचार त्यात मांडलेला आहे. तो वाचून मला बरं वाटलं. पण दुसरीकडे धारावीच्या पुनर्विकासात तिथेच घर न मिळणाऱ्या कुटुंबांसाठी मिठागरांच्या जागा आणि देवनार डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर जमीन ठरली आहे. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. धारावीतला माणूस चामड्याचं, मातीचं, शिलाईचं, भंगाराचं काम घराखाली नाहीतर दोन गल्ल्यांपलीकडे करतो. त्याला तिथून उचलून देवनारला ठेवलं, तर माझ्या आईचं जे झालं ते हजारो घरांत होईल. चेंबूरजवळच्या माहुलचंही आपल्याला ठाऊक आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत माणसं राहायला पाठवली आणि अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे जायला भाग पाडू नका.

माझं मागणं देवनारचा आराखडा कायम होण्याआधीचं आहे. सर्वांत खालच्या मजल्यावर डिसेंबरात किती तास ऊन येईल, हे मोजून जाहीर करा. पुनर्वसन म्हणून अंतराची सवलत देऊ नका. विक्रीच्या इमारतीला जेवढं अंतर, तेवढंच आम्हाला. ज्या कुटुंबाला हलवणार त्याच्याकडे आज कामाला जायला किती वेळ आणि किती पैसे लागतात ते विचारा आणि तिथून किती लागतील ते त्याला सहीआधी मराठीत लिहून द्या. चावीवाटपाच्या दिवशी बस सुरू झालेली असावी आणि शेवटची बस शेवटच्या लोकलनंतरची असावी. तळमजल्याचे गाळे बंद न राहता बचत गटांना, चहावाल्यांना, शिंप्यांना मिळावेत, म्हणजे रस्त्यावर रात्री माणसं दिसतील.

जमलं तर एकदा आमच्याकडे या. दुपारी बारा वाजता, दुसऱ्या मजल्यावर. आपण येईपर्यंत ओट्याजवळचा दिवा मी बंद ठेवीन.

आपली,
पुनर्वसन वसाहतीतली एक रहिवासी
मानखुर्द, मुंबई