सोनू तुमच्याकडे येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "काल पाढा घडाघडा म्हटला, आज एक ओळ येत नाही. हा निव्वळ आळस." सुट्टीत सोनू तुमच्याकडे राहायला येतोय, त्याआधी हे नीट सांगायलाच हवं.

तो पोटात असताना त्याच्या जन्मदात्रीने दारू घेतली होती. दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते, ती पचवण्याइतकं बाळाचं यकृत तयार नसतं, आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो. १९७३ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी याला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं. पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ अशा चेहऱ्यावरच्या खुणा त्यात दिसतात. पण दारूचा परिणाम झालेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. सोनूच्याही नाही. म्हणून लोक त्याला हट्टी ठरवून मोकळे होतात, आणि माझा जीव तुटतो.

बोलायला तो चुणचुणीत आहे, त्यामुळे त्याला सगळं कळतंय असं वाटतं. पण "चपला काढ, हात धू, दप्तर जागेवर ठेव" असं एका दमात सांगितलं, की चपला काढून तो दारातच उभा राहतो. पुढचं डोक्यातून निसटलेलं असतं. एक सांगा, ते होऊ द्या, मग दुसरं. गणित, घड्याळ, पैशांचा हिशेब हे तर पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. शिक्षा केलीत तर रडेल, माफी मागेल आणि तासाभरात तेच करेल. आपण असं केलं म्हणून असं झालं, ही सांगड त्याला घालता येत नाही.

आई, तुला तो खोटं बोलतो असं वाटतं. पुष्कळदा आठवत नाही तिथे मनानेच काहीतरी जोडून सांगतो, आणि त्याला ते खरंच वाटत असतं. उलटतपासणी नको.

त्याच्या जन्मदात्रीला नावं ठेवू नका, त्याच्यासमोर तर नाहीच. कित्येकींना दिवस गेल्याचं कळायच्या आतच दारू घेऊन झालेली असते, काहींना व्यसन सोडवत नाही.

हे बरं होणारं नाही. पण दोषाचं निदान लवकर झालं आणि घर शांत, ठरलेल्या वेळांचं असलं, तर अशी मुलं पुष्कळ सावरतात. त्याच्या दिवसाचा चित्रांचा तक्ता सोबत पाठवतेय, तो भिंतीवर लावा. बेत बदलला तर त्याला आधी सांगा. गोंगाटाने बिथरला तर आतल्या खोलीत नेऊन नुसतं जवळ बसा.

बाकी भेटीअंती.

तुमची,
ताई