ऑर्गनवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, तेव्हापासून आमच्या ग्रुपच्या डोक्यात होतं की केशवरावांच्या ललितकलादर्श या संगीत नाटक कंपनीवर एक कार्यक्रम करायचाच. स्क्रिप्ट लिहिली खरी, पण त्यात काय तर सगळ्यांना माहीत असलेलंच, म्हणजे १९०८ ला हुबळीत कंपनी काढली तेव्हा केशवराव जेमतेम सतरा वर्षांचे, मग ८ जुलै १९२१ चा 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची अशा दोन कंपन्या एका स्टेजवर, आणि तीनच महिन्यांत केशवराव गेले. पडदा. आम्ही रडायच्या तयारीत!

तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "अगं, मालक गेला म्हणून दुसऱ्या दिवशी पंगत बसायची थांबते का?"

त्या एका प्रश्नावर अख्खा दुसरा भाग उभा राहिला. मुक्काम हलला की पडदे, कपडेपट, वाद्यं, आचारी, त्याची भांडी, सगळं रेल्वेत चढवायचं, गावोगाव हेच, आणि प्रयोग लागला नाही तरी माणसं जेवणारच. हे बापूराव पेंढारकरांनी अंगावर घेतलं, वर मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' करून दाखवलं, पु. श्री. काळ्यांचं नेपथ्य. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी कंपनी परत उभी केली, आणि नाटकं टेपवर रेकॉर्ड करून ठेवली हे तर मला सगळ्यात भारी वाटतं, एवढी दूरदृष्टी कुणाला असते हो.

आणि ऑर्गन! दोन सूर गप्प होते, आम्ही म्हणत होतो कीबोर्डवर भागवू, तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मागची फळी काढून, आकड्याने एकेक रीड, म्हणजे सूर देणारी धातूची पट्टी, ओढून, ब्रशने धूळ झाडून परत बसवलीत, भात्याच्या चिरेवर चामड्याची पट्टी चिकटवलीत आणि पैशांचं नावही काढू दिलं नाहीत.

पुढचा प्रयोग सांगलीला ठरतोय. गाडी दारात येईल, गुडघ्याचं कारण चालणार नाही, काकूंनाही आणायचं. नांदीला ऑर्गनवर तुम्हीच बसायचं, हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय.