बहात्तरच्या दुष्काळाचा इतिहास शाळांमधून लिहिला जावा यासाठी माण-खटावकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

१९७२ साली जे विशीत होते, ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. खडी फोडलेली, पाझर तलावावर माती वाहिलेली, मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीवर आणि सुकडीवर (दुष्काळात वाटलेल्या कोरड्या पौष्टिक खाऊवर) दिवस काढलेली ही माणसे सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर अजून आहेत. दरवर्षी त्यांतली काही कमी होतात. त्यांना विचारून, कागदांशी पडताळून हा इतिहास लिहायचा, तर नववीच्या मुलामुलींइतके जवळचे दुसरे कोणी नाही. आजी-आजोबा त्यांच्याच घरात असतात. पण मुलांकडून असे काम करून कसे घ्यायचे, हे शिक्षकांना कुणी शिकवलेले नसते. म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या १५ माध्यमिक शाळांमधील ३० इतिहास शिक्षकांसाठी आमचे मंडळ येत्या दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांचे प्रशिक्षण घेणार आहे. त्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत महिन्यातून एक अशा चार बैठका होतील. त्यासाठी आपली मदत हवी आहे.

आज इतिहासाचा प्रकल्प म्हटला की विषय निघतो ‘शिवकालीन किल्ले’ किंवा ‘स्वातंत्र्यलढा’. एवढ्या मोठ्या विषयाला पुरे पडेल असे कुठलेच साधन मुलाच्या हाताशी नसते, मग तो फोनवर मिळालेला मजकूर उतरवतो. ही नक्कल थांबवायची तर प्रश्न लहान करावा लागतो. प्रशिक्षणाचा पहिला अर्धा दिवस याच एका गोष्टीला दिला आहे. ‘दुष्काळ’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘आमच्या वाडीतली माणसे कोणत्या कामावर जात आणि तिथे पोचायला किती चालावे लागे?’ हा प्रश्न. त्याचे उत्तर गावातच मिळणाऱ्या, किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांतून आणि आठ आठवड्यांत निघते का, हे आधी पाहायचे. निघत नसेल तर प्रश्न बदलायचा. मुलाला तसाच पुढे ढकलायचा नाही.

दुसऱ्या सत्रात शिक्षकांनी स्वतः संशोधन करायचे. आमचा सगळ्यात जास्त भर यावर आहे, कारण ज्याने स्वतः एकदाही नोंदवही चाळलेली नाही, त्याला मूल कुठे अडकले आहे ते दिसत नाही. साधन साधेच: शाळेचे जुने जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल होण्याची आणि शाळा सोडण्याची नोंदवही. जून १९७२ ते जून १९७४ या काळात किती मुलांनी शाळा सोडली ते मोजायचे आणि आकडा हाती आला की तिथे थांबायचे नाही. सुगीला आणि शेतीच्या कामांना मुले दरवर्षीच गळतात. म्हणून आधीच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय ‘दुष्काळामुळे शाळा सुटली’ असे म्हणता येत नाही. शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना बऱ्याचदा कोरा असतो किंवा त्यात ‘सतत गैरहजर’ एवढेच असते. तिथे कागद संपतो आणि मुलाखत सुरू होते. रजिस्टरमध्ये जातीचा रकानाही असतो. मुलांनी काय उतरवून घ्यायचे आणि काय नाही, हे मुख्याध्यापकांशी बोलून आधीच ठरवावे लागते.

मुलाखत हा यातला सगळ्यात अवघड भाग, त्यामुळे दुसरा पूर्ण दिवस तिच्यासाठी ठेवला आहे. ‘दुष्काळात तुमचे फार हाल झाले ना?’ असे विचारले की उत्तर येते ‘व्हय’, आणि बोलणे तिथेच आटोपते. ‘कामावर निघताना फडक्यात काय बांधून न्यायचात?’ असे विचारले की आजी अर्धा तास बोलतात. बाईची मुलाखत असेल आणि घरातली पुरुषमंडळी शेजारी बसली असतील, तर तिच्या वतीने तीच उत्तरे देतात. म्हणून मुलींनी आजींशी वेगळे, शक्यतो स्वयंपाकघरात बसून बोलावे. पाणी कोणत्या विहिरीवरून कोणाला भरता येत होते, हा प्रश्न टाळायचा नाही. मात्र तो कधी आणि कोणाला विचारायचा, हे शिक्षकाने मुलांबरोबर आधी बोलून घ्यायचे.

साल चुकणे ही नेहमीची अडचण. या भागाने २००३ चा दुष्काळ पाहिला, २०१२-१३ च्या चारा छावण्याही पाहिल्या. आठवणीत हे सगळे एकमेकांत मिसळते. अशा वेळी साल विचारू नये, खुणा विचाराव्यात: ‘कोयनेच्या भूकंपानंतर किती वर्षांनी?’ (तो ११ डिसेंबर १९६७ चा), ‘थोरला मुलगा तेव्हा झाला होता का?’ शब्दांचीही गल्लत होते. सरकारी दुष्काळी कामांना आज सरसकट ‘रोजगार हमी’ म्हटले जाते. रोजगार हमीचा पहिला प्रयोग विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात झाला, पण कायदा लागू झाला १९७९ मध्ये. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या तोंडी नंतरचा शब्द आलेला असतो. मुलाने तो शब्द जसाच्या तसा लिहावा आणि शेजारी स्वतःची टीप द्यावी.

ध्वनिमुद्रणाला साधा फोन पुरतो, पण तो एअरप्लेन मोडवर हवा; नाहीतर नेमक्या जागी कुणाचा तरी फोन येतो. माइक मात्र कॉलरला लावायचा हवा, कारण पत्र्याच्या घरात आवाज घुमतो आणि पंखा सगळे गिळतो. एका तासाची एकपदरी (मोनो) वेव्ह फाइल ३०० एमबीच्या आसपास होते. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवायच्या. तासभराची मुलाखत शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात, म्हणून मुलांनी दर पाच मिनिटांना काय बोलणे झाले एवढाच तक्ता करायचा आणि आपल्या प्रश्नापुरता भाग उतरवायचा. मुलाखतीआधी संमती घ्यायची. ती कागदावर अंगठा घेऊन संपत नाही: हे बोलणे कोण ऐकेल, ते समजावून सांगायचे आणि नको म्हणायची मुभा द्यायची.

खर्चाचा हिशेब असा. दोन दिवसांचे जेवण-चहा, ३५ जणांचे, माणशी रोज २५० प्रमाणे १७,५०० रुपये. कार्यपुस्तिकेच्या ४० प्रती, प्रत्येकी १८० प्रमाणे ७,२००. कॉलर माइक १५, प्रत्येकी ९००, म्हणजे १३,५००. जुने फोटो आणि कागदांसाठी एक स्कॅनर ९,०००. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क १०,०००. चार बैठकांचा प्रवासखर्च, ३० शिक्षकांना दर खेपेस १५० प्रमाणे १८,०००. एकूण ७५,२००. एका शाळेमागे साधारण ५,००० रुपये पडतात; एखाद्या कुटुंबाने किंवा माजी विद्यार्थ्यांच्या तुकडीने आपल्या शाळेचा भार उचलला तर फार सोयीचे होईल. मार्गदर्शक मानधन घेणार नाहीत. प्रशिक्षणाची जागा एका शाळेने विनामूल्य दिली आहे. २,००० रुपयांच्या वरची रक्कम कृपया धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि मार्चमध्ये जमाखर्च सर्व १५ शाळांच्या फलकांवर लावला जाईल.

पैशांइतकीच गरज कागदांची आहे. मुंबईच्या गिरणीत गेलेल्यांनी आणि गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर पांगलेल्यांनी त्या वर्षांत घरी धाडलेली पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, रेशनकार्डे, तगाईचे (शेतीसाठीच्या सरकारी कर्जाचे) कागद, कामावरचे फोटो आपल्या ट्रंकेत असतील, तर स्कॅन करायला द्या. मूळ कागद त्याच दिवशी परत मिळेल. तोवर त्याला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. फोटोच्या पाठीवरचा मजकूरही तेवढाच मोलाचा असतो.

माणदेशी बोली कानाला ओळखीची आहे आणि घरबसल्या आठवड्याला दोन तास देता येतील, अशी माणसे मुलाखती उतरवून काढायला हवी आहेत. पुण्यात असा की परदेशात, फाइल तुमच्याकडे पोचेल. निवृत्त तलाठी, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना विशेष विनंती: फेरफार, जन्म-मृत्यूची नोंदवही, जनरल रजिस्टर कसे वाचायचे ते तुमच्याइतके कोणाला कळणार? प्रशिक्षणात यावरच दीड तास ठेवला आहे.

मुख्याध्यापकांनी आपल्या दोन शिक्षकांची नावे ३० सप्टेंबरपर्यंत कळवावीत. एकाची बदली झाली तरी काम थांबू नये, म्हणून दोन. देणगी, कागद आणि स्वयंसेवकांची नावे मंडळाच्या कार्यालयात किंवा आपल्या गावच्या माध्यमिक शाळेत १० ऑक्टोबरपर्यंत द्यावीत. स्कॅनर आणि माइकची खरेदी त्यानंतरच्या आठवड्यात होईल.