पंचगंगा घाटावर भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे कोल्हापुरात पंचगंगा घाटावर, दीपमाळेजवळच्या पायरीवर तुम्ही माझा फोन हातात घेतलात. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

माझे बाबा दरवर्षी घाटावर पणत्या लावायला यायचे. आता त्यांना जिना उतरवत नाही. त्यांना फोटो पाठवायचे म्हणून मी तासभर धडपडत होते. पणत्यांची रांग छान यायची, पण घाटावरच्या फोकसच्या मोठ्या दिव्यातून पांढरा पट्टा फाटल्यासारखा निघायचा आणि नदीच्या काळ्या पाण्यावर एक हिरवा ठिपका तरंगायचा. फोनच बिघडला, असं मी धरून चालले होते.

तुम्ही म्हणालात, "आधी काच बघा की." पणत्यांत तेल घालून तेच हात मी कॅमेऱ्याला लावले होते. तुम्ही फोन तिरका धरून बोटाचा तो ठसा दाखवलात, काचेवर आडवा ओढलेला. तेल आडवं फिरलं की उजेड उभा पसरतो, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही खिशातल्या सुती रुमालाने काच पुसलीत आणि पट्टा गेला.

ठिपका मात्र राहिला. मग तुम्ही नखाने कॅमेऱ्यावरची जादा काच उचकटलीत. दुकानदाराने संरक्षण म्हणून चिकटवून दिलेली. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के उजेड परत फिरतो, आणि ही काच म्हणजे असे दोन पृष्ठभाग फुकटचे वाढवलेले. ती निघाल्यावर ठिपका फिका झाला, पण गेला नाही.

त्यानंतर तुम्ही जे दाखवलंत, त्यासाठी मी तुमची खरी ऋणी आहे. पडद्याच्या बरोबर मध्यावर बोट ठेवायला लावलंत. फोकस वर उजवीकडे, ठिपका खाली डावीकडे, दोघांचं मध्यापासूनचं अंतर सारखं. फोन हळूच वळवला की फोकस एकीकडे सरकायचा, ठिपका उलट दिशेला. सेन्सरवरून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवरून, परतलेला उजेड भिंगांवर आपटून पुन्हा आत येतो, त्याची ही उलटी प्रतिमा. म्हणजे ठिपका कुठे पडणार, हे फोटो काढण्याआधीच ठरवता येतं! आडोशाला हात धरून उपयोग नाही, कारण दिवा चौकटीतच आहे, हेही तुम्ही सांगितलंत. हात कामाचा दिवा चौकटीबाहेर असेल तेव्हा.

"दोन पावलं डावीकडे या," म्हणालात. फोकस दीपमाळेच्या दगडाआड गेला. मग पडद्यावरच्या पणतीवर बोट टेकवून उजेड थोडा उतरवायला सांगितलात, फोन कठड्यावर टेकवून 3 सेकंद श्वास रोखायला लावलात. पाणी काळंभोर आलं, त्यात ज्योतींची प्रतिबिंबं, आणि दीपमाळेच्या कडेला नुसती सोनेरी रेघ. ती रेघ त्या फोकसचीच. इतका वेळ ज्याच्यावर चिडले होते, त्यानेच फोटो उजळला.

स्वतःचा फोटो काढायचा सोडून तुम्ही माझ्याजवळ थांबलात. तोवर उजाडायला लागलं होतं, तुमची पहाट माझ्यात गेली.

बाबांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं बसायचो मी." तो फोटो मी कागदावर छापून घेतलाय. एक प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे. यंदा पहाटे चारपासून त्याच दीपमाळेपाशी असेन.

तुमची,
तेलकट हातांची मुलगी