वरच्या मजल्यावरच्या काकांना, बटाट्याच्या पिशव्यांसाठी थँक्यू

काका, हे तोंडावर बोलायला गेले तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावाल आणि लगेच माझ्या टोमॅटोच्या रोपाला नावं ठेवायला लागाल, म्हणून लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण घरी पिशवीत बटाटे लावायचा विचार करणारे बरेच जण आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तुमच्यासारखे काका राहत नाहीत.

थँक्यू मेनली तुमच्या "नको" साठी. काय करायचं हे सांगणारे ढिगाने मिळतात, व्हिडिओ तर विचारूच नका, पण हे करू नको आणि का करू नको हे कुंडीजवळ उकिडवं बसून समजावणारं माणूस मिळत नाही हो.

सगळ्यात मोठं "नको" ते टॉवरचं. माझा प्लॅन असा होता की जाळीचा उंच पिंप करायचा, रोप वाढेल तशी माती चढवत न्यायची आणि शेवटी थरावर थर बटाटे काढायचे, फोटोत किती भारी दिसतं ते! तुम्ही प्लॅन पूर्ण ऐकून घेतलात आणि मग म्हणालात की बटाटा मुळाला लागतच नाही, तो खोडाचाच भाग, म्हणून तर त्याला डोळे असतात आणि डोळ्यातून कोंब येतो. मातीखालच्या खोडातून आडव्या दांड्या फुटतात, त्यांच्या टोकाला बटाटा फुगतो, आणि या दांड्या बहुतेक करून बेण्याच्या, म्हणजे आपण लावलेल्या बटाट्याच्या, जरा वरच्या भागातूनच निघतात, त्यामुळे वर कितीही माती ओतली तरी तिसरा चौथा मजला काही भरत नाही, नुसती माती वाया. मग लोक रोपाला मातीची भर का लावतात? तर उजेडासाठी. वर आलेल्या बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो, हिरवा रंग स्वतः काही वाईट नाही पण त्याच्यासोबत सोलॅनिन नावाचं विष वाढतं आणि ते शिजवून जात नाही. हे कारण कळल्यावर मला भर कधी लावायची हे पाठ करावंच लागलं नाही. रोप वीतभर झालं की शेंडा बाहेर ठेवून माती टाकायची, परत वाढलं की परत, आणि पिशवी भरली की विषय संपला.

पिशवीचंही तसंच. 40 लिटरच्या पिशवीत मी सहा बेणी बसवणार होते (जागा दिसत होती ना!) आणि तुम्ही तीनवर आणलंत, एका रोपाला निदान 10-12 लिटर माती हवी, नाहीतर सगळे गोट्याएवढे. काळ्या पिशवीला जुनं बारदान गुंडाळायची आयडिया पण तुमचीच. मातीचं तापमान 15 ते 20 अंशांच्या आसपास असलं की बटाटा चांगला धरतो आणि 30 च्या पुढे गेलं की धरणं जवळपास बंदच होतं, वरून झाड हिरवंगार दिसतं आणि खाली काहीच नाही. जमिनीत लावलेल्याला हा त्रास कमी, पिशवी मात्र चारी बाजूंनी तापते. हे मला एकाही व्हिडिओत दिसलं नव्हतं बरं का.

स्वयंपाकघरातले कोंब आलेले बटाटे लावू नको म्हणालात तेव्हा मला वाटलं उगाच कडक आहात. पण विकायच्या बटाट्यावर कधीकधी कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं आणि त्यात व्हायरस असला तर बाहेरून कळत नाही, खात्रीचं बेणं घेतलं की निम्मी काळजी जाते. ते बेणंसुद्धा अंधारात न ठेवता उजेडात पण उन्हाबाहेर ठेवायला लावलंत, म्हणजे कोंब लांब पांढरे लेचेपेचे न होता आखूड आणि दणकट येतात. मोठी बेणी कापली ती प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे ठेवून, आणि काप सुकेपर्यंत दोनतीन दिवस थांबून.

राख नको, हे अजून एक. राखेत पोटॅश असतं हे खरं, पण ती मातीचा पीएच वर नेते आणि बटाट्याला 5 ते 6.5 अशी जरा आंबट माती चालते, त्याच्या वर गेलं की सालीवर खरबरीत खवले धरतात. ताजं शेणही त्या खवल्यांमुळेच नको, पूर्ण कुजलेलं खत चालेल. आणि युरियाचा मोह नको, पानं छातीपर्यंत येतील आणि बटाटे मोजून चार.

पाण्याबद्दल तुम्ही इतकं बोललात की घरचे हसायला लागले होते. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी पूर असं केलं की बटाटा तडकतो, वेडावाकडा होतो, आतून पोकळसुद्धा होतो, आणि कायम चिकचिक ठेवलं तर सालीवर पांढरे फोडासारखे ठिपके येतात, ती त्याची श्वास घ्यायची छिद्रं उघडी पडलेली असतात. त्यामुळे रोज ठरलेला मग ओतायचा नाही, बोट खुपसून बघायचं. फुलं यायच्या सुमाराला तर अजिबात हयगय नाही कारण तेव्हाच खाली बटाटे धरत आणि फुगत असतात.

फुलांनंतर एका झाडाला छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं आली आणि आमचं धाकटं कार्टं ती तोडायलाच निघालं होतं. ती विषारी असतात हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं म्हणून मी वेळेत ओरडले. फक्त एवढ्या एका गोष्टीसाठी पण हे पत्र लिहिलं असतं.

आणि हो, थांबायला लावलंत त्याबद्दल. पानं पिवळी पडली की पाणी बंद, मग अजून दोन आठवडे हात लावायचा नाही, अंगठ्याने घासून साल निघाली नाही की मगच पिशवी पालथी करायची. मला काही राहवत नव्हतं हे तुम्हाला माहितीच आहे, रोज संध्याकाळी जिन्यात हाच विषय. काढल्यावर धुवायचे नाहीत, अंधारात हवेशीर जागी पसरायचे, आणि फ्रीज नको, थंडीत आतल्या स्टार्चची साखर होते, मग चव गोडसर लागते आणि तळताना लगेच काळे पडतात. किती निघाले ते तुम्ही बघितलंतच, तुमची पिशवी दारात ठेवलीये.

आता दोन प्रश्न आहेत. त्या मातीत परत बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची काहीच नको म्हणालात कारण सगळी एकाच कुळातली आणि रोगही तेच, मग घेवडा लावू की नुसती पालेभाजी टाकू? आणि यातलेच थोडे बेण्यासाठी ठेवले तर चालेल का, व्हायरस पसरवणारी मावा कीड तर दिसली नव्हती कुठे. यालाही "नको" म्हणणार असाल तर रविवारी चहाला या आणि कारण सांगा.