माजी सैनिक काका, तुमचे आभार

रविवारची मिस्सा संपवून सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमधून आम्ही मासुंदा तलावाकडे निघालो आणि पप्पा रस्त्यातच कोसळले. गर्दी जमली, पण पुढे आलात तुम्हीच. लोकांना मागे सारलंत, पप्पांना कुशीवर वळवलंत, रिक्षा थांबवलीत, दवाखान्यात रात्रीपर्यंत बसलात. त्यांच्या हातून पडलेली जपमाळ तुम्ही रुमालात बांधून जपली होती. शुद्ध आल्यावर ती त्यांच्या मुठीत ठेवलीत. १९९९ ला कारगिलला होतो, एवढंच बोललात. नाव सांगितलं नाहीत. मी तेव्हा प्रभूचा धावा करत होते, आणि त्यानंच तुम्हाला पाठवलं असं मी मनापासून मानते. ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, आमच्या घरातून निधी नक्की जाईल. पप्पा आता बरे आहेत; तुमची आठवण रोज काढतात.